झेंडा दाखवला, निकाल अजून बाकी

गेल्या हंगामाच्या शेवटी फॉर्म्युला वनबद्दल आलेल्या पत्रांत फाउंड्रीतले आहेत, कॉलेजमधले आहेत, दुकान सांभाळून रविवारी संध्याकाळी टीव्हीसमोर बसणारेही आहेत. बहुतेकांची तक्रार एकच आहे. पाहिला तो निकाल वेगळा आणि छापून आला तो वेगळा. खासबागेत पैलवानाचा हात वर झाला की माणसं फेटे सावरत घरी जातात. इथं चौकड्यांचा झेंडा दाखवल्यावर निम्मं काम सुरू होतं. त्या कामाबद्दलचे प्रश्न या अंकात घेतले आहेत.

उद्यमनगरात माझं मशीन शॉप आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये लास वेगासची शर्यत रविवारी सकाळी साडेनऊपासून पूर्ण पाहिली. वर्स्टापेन पहिला, नॉरिस दुसरा. दुपारी झोपून उठलो तर नॉरिस आणि पियास्त्री, मॅक्लारेनचे दोघंही बाद. कारण म्हणे गाडीखालची फळी ०.१२ मिलिमीटर जास्त झिजली. एवढ्यानं काय फरक पडतो? थोडे गुण कापून भागलं नसतं का? (उद्यमनगर)

तुमच्याच शॉपमधलं बघा. नोगो गेज, म्हणजे शिरता कामा नये असं मापाचं गेज, जॉबमध्ये शिरलं की जॉब रिजेक्ट. किती शिरलं हे कोणी विचारत नाही, कारण टॉलरन्स ड्रॉइंगमध्ये आधीच दिलेला असतो. या फळीचंही तसंच आहे. नवी फळी १० मिलिमीटर जाडीची असते आणि तिला ०.२ मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. शर्यत संपल्यावर ती ९ मिलिमीटरपेक्षा पातळ निघता कामा नये. एक मिलिमीटरची झीज हीच सूट. नॉरिसच्या गाडीत ती सूट संपून वर जास्तीत जास्त ०.१२ गेले आणि पियास्त्रीच्या गाडीत ०.२६.

ही फळी आली १९९४ मध्ये. त्या वर्षी इटलीत इमोला इथं रात्झेनबर्गर आणि सेना या ड्रायव्हरांचा मृत्यू झाला आणि गाड्यांचा वेग कमी करण्यासाठी हंगाम चालू असतानाच काही बदल झाले, त्यातला हा एक. गाडीचं पोट रस्त्याच्या जितकं जवळ तितका खालून जाणारा हवेचा प्रवाह वेगवान होतो आणि गाडी रस्त्याला चिकटते. म्हणजे वळणात जास्त वेग. मिलिमीटर-दोन मिलिमीटर खाली बसलेली गाडी प्रत्येक फेरीत थोडा वेळ कमावते. संघांना मोकळं सोडलं तर ते गाडी रस्त्यावर घासतच नेतील. फळी झिजली याचा अर्थ गाडी ठरल्यापेक्षा खाली चालली, एवढाच लावला जातो. फळी हीच साक्षीदार.

मोजमाप कुठंही मायक्रोमीटर टेकवून होत नाही. फळीला ठरावीक जागी भोकं असतात आणि त्या भोकांच्या कडेची जाडी मोजतात. वेगासमध्ये पहिल्या मोजणीत फळ्या कमी भरल्यावर संघाच्या माणसांसमोर पुन्हा मोजल्या, तरी उत्तर तेच. मुद्दाम केल्याचा संशय कोणी घेतला नाही, पंचांच्या निर्णयात तशी नोंदही आहे. पण तांत्रिक नियम मोडला की शिक्षा बाद करण्याचीच. सेकंद वाढवणं किंवा गुण कापणं हा पर्याय तिथं नसतो.

आता एवढा मोठा संघ चुकला कसा? गाडीची उंची पात्रता फेरीच्या (सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या फेरीच्या) आधी सरावात ठरवावी लागते. पात्रता फेरी सुरू झाली की गाडी कुलूपबंद, नंतर उंची बदलता येत नाही. शर्यतीच्या सुरुवातीला टाकीत शंभर किलोच्या आसपास इंधन असतं, त्या वजनानं गाडी दबते. म्हणून भरल्या टाकीनं दहा-पंधरा फेऱ्या मारून फळी किती झिजते हे पाहणं गरजेचं असतं. वेगासला दुसरं सराव सत्र मॅनहोलच्या झाकणामुळं थांबवावं लागलं आणि पात्रता फेरी पावसात झाली. ओल्या रस्त्यावर वेग कमी, दाब कमी, झीज कमी. त्यामुळं खरा आकडा हाती आलाच नाही. शिवाय जवळपास दोन किलोमीटरचा सरळ पट्टा. तिथं हवेचा दाब गाडीला सतत खाली रेटतो आणि गाडी उड्या मारायला लागली की प्रत्येक उडीला फळी आपटते. शेवटच्या फेऱ्यांत नॉरिसचा वेग उतरला होता हे तुमच्या लक्षात आलं असेल. वळणाच्या बऱ्याच आधी पाय उचलायचा, म्हणजे टोकाचा वेग कमी आणि घासणं कमी. ते उशिरा सुचलं.

नियम कडक आहे, पण आमच्या मते तो तसाच राहावा. 'थोडंसं' चालवून घ्यायचं ठरवलं की पुढच्या शर्यतीत सगळ्या गाड्या त्या थोड्याशाच्या हिशेबानं बांधून येतात. आणि हे आजचं नाही. १९९४ मध्येच, फळी येऊन काही आठवडे झाले होते तेव्हा, बेल्जियमला शूमाकर पहिला आला आणि फळी झिजली म्हणून बाद झाला. गाडी गिरकी खाऊन कर्बवरून, म्हणजे ट्रॅकच्या उंच कडेवरून, गेली तेव्हा फळी खरवडली, हा त्याच्या संघाचा बचाव टिकला नाही. विजय डेमन हिलला मिळाला.

गुणांवर परिणाम पाहा. नॉरिसचे १८ आणि पियास्त्रीचे १२ गुण गेले. वेगासनंतर नॉरिस ३९०, पियास्त्री ३६६ आणि वर्स्टापेनही ३६६. पुढं अबू धाबीला हंगाम संपला तेव्हा नॉरिस ४२३, वर्स्टापेन ४२१. दोन गुणांवर जगज्जेतेपद ठरलं. फळीच्या ०.१२ मिलिमीटरनं ते जवळजवळ हातचं घालवलं होतं.

२८ जुलै २०२४ ला बेल्जियममध्ये रसेलनं एकाच पिट स्टॉपवर (टायर बदलायच्या थांब्यावर) शर्यत काढली, हॅमिल्टनला अर्ध्या सेकंदानं मागं ठेवलं. रात्री कळलं की गाडी दीड किलो हलकी म्हणून बाद. दीड किलो गेलं कुठं? ड्रायव्हरला उतरल्या उतरल्या दोन बाटल्या पाणी पाजलं असतं तर? (राजारामपुरी)

पाण्याचं आधी सांगतो. चालत नाही. गाडी वजनासाठी निवडली की तिच्यात काही घालायचं नाही, तिच्यावर काही ठेवायचं नाही आणि तिच्यातलं काही काढायचं नाही. घन, द्रव, वायू असे तिन्ही शब्द नियमात आहेत. ड्रायव्हरही हेल्मेटसकट सरळ काट्यावर जातो.

त्या वर्षी गाडीचं किमान वजन ७९८ किलो होतं, ड्रायव्हर धरून पण इंधन वगळून. रसेलची गाडी आधी काट्यावर बरोबर ७९८ भरली. मग इंधन काढून पुन्हा तोलली तेव्हा ७९६.५. आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही काट्यांवर तोलली, काटे तपासले, आकडा तोच.

दीड किलो एका जागेवरून जात नाही. रसेल दहाव्या फेरीला पिटमध्ये आला आणि उरलेल्या ३४ फेऱ्या एकाच टायर संचावर काढल्या. स्पाची, म्हणजे बेल्जियमच्या ट्रॅकची, एक फेरी ७.००४ किलोमीटरची, म्हणजे एकाच रबरावर सुमारे २३८ किलोमीटर. दोन थांबे घेणाऱ्यांचे टायर शेवटी ताजे, म्हणून जड. त्यात ब्रेकच्या चकत्या झिजतात, वर सांगितलेली फळी झिजते, ड्रायव्हरचं घामानं वजन उतरतं. एरवी शर्यतीनंतर परत येताना ड्रायव्हर मुद्दाम कडेच्या कचऱ्यातून गाडी नेतात. तिथं पडलेल्या रबराच्या गोळ्या गरम टायरला चिकटतात आणि वजनात भर पडते. टायर हे असं धूळ-रबर खाऊन घरी येतात, हे टीव्हीवर जवळून दाखवतात तेव्हा नीट बघा, टायर गुळाच्या काकवीत लोळवल्यासारखा दिसतो. स्पामध्ये मात्र पूर्ण परतफेरी नसते, गाड्या पिटच्या बाहेर जाणाऱ्या वाटेनंच आत वळवतात. रबर गोळा करायला रस्ताच मिळत नाही.

फायदा किती झाला असेल? या खेळात ढोबळ हिशेब असा करतात की दहा किलोला फेरीमागं ०.३ सेकंद. दीड किलोला ०.०४५ आणि ४४ फेऱ्यांत जवळपास दोन सेकंद. दोघांतलं अंतर होतं ०.५२६. म्हणजे हा दंड केवळ कागदी नव्हता. विजय हॅमिल्टनला गेला, पियास्त्री दुसरा आणि लेक्लेर तिसरा.

पुढच्या वर्षी, मार्च २०२५ मध्ये चीनला एकाच शर्यतीत तिघं बाद झाले. किमान वजन तेव्हा ८०० किलो झालं होतं. लेक्लेर आणि गॅसली वजनात बसले नाहीत, हॅमिल्टनची फळी ९ मिलिमीटरखाली गेली. तिथं स्प्रिंट, म्हणजे जादा छोटी शर्यत, असल्यामुळं सरावाला एकच तास मिळाला होता. २०२६ पासून किमान वजन ७६८ किलोवर आणलं आहे, तेव्हा जुने आकडे घेऊन नव्या शर्यतींवर वाद घालू नका.

इंधनाचीही एक अट आहे. शर्यतीनंतर टाकीतून एक लिटर नमुना निघालाच पाहिजे. २०२१ मध्ये हंगेरीला दुसऱ्या आलेल्या वेटेलच्या गाडीतून ०.३ लिटर निघालं, तो बाद.

निकालाच्या तक्त्यात ज्यानं शर्यत सोडली त्यालाही क्रमांक कसा? ऑस्ट्रिया २०२४ मध्ये नॉरिस टायर फाटून पिटमध्ये आला आणि उतरला, तरी नावापुढं २०. (कागल)

विजेत्याच्या अंतराच्या ९० टक्के फेऱ्या ज्यानं पूर्ण केल्या त्याला क्रमांक मिळतो, झेंड्याखालून जावो न जावो. अपूर्णांक आला तर खालचा पूर्ण आकडा धरतात. ऑस्ट्रियाला ७१ फेऱ्या, ९० टक्के म्हणजे ६३.९, म्हणून ६३. नॉरिसच्या ६४ झाल्या होत्या. मोनाकोच्या ७८ फेऱ्यांसाठी हाच आकडा ७०, स्पाच्या ४४ साठी ३९. कधी कधी याचे गुणही मिळतात. १९९६ च्या मोनाकोत इतक्या गाड्या बाद झाल्या की शेवटी आपसात आदळलेले सालो आणि हॅकिनेन पाचवे-सहावे धरले गेले.

बाकीची अक्षरं अशी: डीएनएफ म्हणजे शर्यत अर्धवट सुटली, डीएनएस म्हणजे सुरूच झाली नाही, डीएसक्यू म्हणजे बाद, एनसी म्हणजे ९० टक्क्यांच्या आत राहिला. 'अधिक १ लॅप' असं लिहिलेला ड्रायव्हर एक फेरी कमी धावलेला असतो. विजेत्यानं रेषा ओलांडली की मागच्याची शर्यत त्याच्या पुढच्या रेषेला संपते, राहिलेली फेरी त्याला पूर्ण करावी लागत नाही.

पाच सेकंदांची शिक्षा, दहा सेकंदांची शिक्षा हे ऐकतो, पण क्रमांक किती घसरणार हे घरबसल्या काढता येतं का? आणि निकाल पक्का कधी मानायचा? (शाहूपुरी)

काढता येतं, कागद-पेन्सिल पुरे. पडद्याच्या डाव्या बाजूला प्रत्येकाचं पुढच्यापासूनचं अंतर असतं. समजा चौथ्याला ५ सेकंदांची शिक्षा आहे. पाचवा त्याच्या ३.२ सेकंद मागं आहे आणि सहावा पाचव्याच्या २.९ मागं. सहावा चौथ्यापासून ६.१ वर झाला. ५ मधून ३.२ गेले, म्हणजे पाचवा पुढं सरकला. ६.१ मात्र ५ पेक्षा जास्त, म्हणून सहावा तिथंच. चौथा पाचवा होणार. पडद्यावरचं अंतर पुढच्यापासूनचं आहे की पहिल्यापासूनचं, हे आधी बघा. बहुतेकांची बेरीज इथंच चुकते.

शिक्षा पिटमध्येही भोगता येते. गाडी थांबवून पाच सेकंद हात न लावता उभी करायची आणि मगच टायर बदलायचे. इथं काय बिघडतं त्याचं उदाहरण म्हणजे २०२३ ची सौदी अरेबियातली जेद्दाची शर्यत. ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, आखलेल्या चौकटीत अलोन्सोची गाडी नीट उभी नव्हती म्हणून ५ सेकंद. ते पिटमध्ये भोगताना मागच्या जॅकवाल्यानं जॅक गाडीला टेकवला. उचलली नाही, नुसता टेकवला. अलोन्सो पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांच्या मंचावर, उभा राहून शंभरावा पोडियम साजरा करून आला आणि त्यानंतर १० सेकंदांची शिक्षा लागली. तिसरा आता चौथा, रसेल तिसरा. संघानं जुन्या शर्यतींचे असे प्रसंग दाखवले जिथं जॅक टेकूनही शिक्षा झाली नव्हती. शिक्षा मागं घेतली, अलोन्सो पुन्हा तिसरा. एका संध्याकाळी तिसरा, चौथा, तिसरा.

चालत्या शर्यतीत भोगायची राहून गेलेली मोठी शिक्षा नंतर सेकंदांत बदलते. पिटमधून नुसतं जाण्याची शिक्षा २० सेकंद, थांबून जाण्याची ३०.

पक्क्या निकालाचं सांगायचं तर आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे एफआयए, आधी तात्पुरता तक्ता लावते. त्यानंतर हरकतीला ३० मिनिटं असतात. तपासणीचे कागद आणि हरकती मिटल्या की 'फायनल' असा शब्द लिहिलेला तक्ता निघतो. हे कागद एफआयएच्या संकेतस्थळावर शर्यतीच्या पानावर खुले असतात, प्रत्येकावर वेळ आणि क्रमांक असतो. युरोपातली शर्यत आपल्याकडं साधारण साडेसहाला सुरू होते आणि आठ-सव्वाआठला संपते. रात्री साडेदहानंतर तो तक्ता पाहा आणि मगच गल्लीच्या ग्रुपवर निकाल टाका. २०२३ च्या ऑस्ट्रियात तेवढंही पुरलं नसतं. ट्रॅकची पांढरी रेष ओलांडण्याच्या बाराशेच्या वर नोंदी तपासायच्या होत्या. एका संघानं हरकत घेतल्यावर त्या पुन्हा चाळल्या आणि आठ ड्रायव्हरांचे निकाल बदलले.

पावसानं शर्यत अर्ध्यावर थांबली की गुण कसे? जपान २०२२ मध्ये अर्धीच शर्यत झाली तरी पूर्ण गुण, आणि बेल्जियम २०२१ ला अर्धे. याला काही धोरण आहे का? (इचलकरंजी)

मधल्या काळात नियम बदलला. बेल्जियमला २०२१ मध्ये सगळ्यांचा वेग रोखून धरणाऱ्या सेफ्टी कारच्या मागं दोन-तीन फेऱ्या झाल्या, कोणी कोणाला ओलांडलं नाही आणि अर्धे गुण वाटले. विजेता वर्स्टापेनला १२.५. लोक पावसात भिजत तासन्‌तास बसले होते, त्यांनी एकही खरी फेरी पाहिली नाही. आमच्या मते त्या दिवशी गुण द्यायलाच नको होते.

म्हणून २०२२ पासून पायऱ्या केल्या. सेफ्टी कारशिवाय किमान दोन फेऱ्या झाल्या नाहीत तर गुण शून्य. पाव अंतराच्या आत थांबली तर पहिल्याला ६ आणि फक्त पाच जणांना गुण. पाव ते अर्ध्यापर्यंत पहिल्याला १३, नऊ जणांना. अर्ध्या ते पाऊणपर्यंत १९. पाऊणच्या पुढं पूर्ण २५.

मग जपानला काय झालं? ५३ पैकी २८ फेऱ्या झाल्या, सगळ्यांनी १९ चा हिशेब धरला. पण नियमातलं वाक्य असं होतं की शर्यत थांबवली आणि पुन्हा सुरू करता आली नाही तरच गुण कमी होतील. सुझुकाला ती पुन्हा सुरू झाली होती आणि वेळ संपल्यावर झेंड्याखालीच संपली. त्यामुळं पूर्ण गुण. त्यात लेक्लेरला शेवटच्या वळणावरच्या चुकीबद्दल ५ सेकंदांची शिक्षा लागून तो तिसरा झाला आणि वर्स्टापेन जगज्जेता ठरला. वर्स्टापेनला स्वतःलाही ते मुलाखत चालू असताना कळलं.

लाल झेंड्यानं संपलेल्या शर्यतीत कुठल्या फेरीचा क्रम धरायचा हाही घोळ होतो. ब्राझील २००३. अपघातांमुळं शर्यत थांबली, क्रम ५३ व्या फेरीचा धरून राइकोनेनला विजयी केलं. नंतर वेळेच्या नोंदी काढल्या तेव्हा दिसलं की फिसिकेलानं ५६ वी फेरी सुरू केली होती, म्हणजे दोन फेऱ्या मागं जाऊन ५४ वी धरायला हवी, आणि तिथं तो पुढं होता. काही दिवसांनी निर्णय फिरला. करंडक राइकोनेननं पुढच्या शर्यतीच्या वेळी, इमोलाला, त्याच्या हातात दिला. जॉर्डन संघाचा तो शेवटचा विजय.

दोघांचे गुण सारखे झाले तर? (रुईकर कॉलनी)

ज्याचे विजय जास्त तो वर. तेही सारखे तर दुसरे क्रमांक मोजायचे, मग तिसरे. वेगासनंतर ३६६-३६६ असताना पियास्त्री वर होता, त्याचे सात विजय आणि वर्स्टापेनचे सहा. पात्रता फेरीत वेळ सारखी आली तर आधी नोंदवणारा पुढं. कॅनडा २०२४ ला रसेल आणि वर्स्टापेन दोघांनी १ मिनिट १२.००० सेकंद अशी हजाराव्या भागापर्यंत एकच वेळ दिली, रसेलनं आधी दिली म्हणून पहिली जागा त्याची.

भारतीय ड्रायव्हरला गुण कधी मिळाले आहेत का? (पन्हाळा)

नारायण कार्तिकेयनला, २००५ च्या अमेरिकन शर्यतीत चौथा येऊन ५ गुण. इंडियानापोलिसच्या तिरक्या वळणावर मिशेलिनचे टायर टिकत नव्हते म्हणून सात संघांनी सुरुवातीलाच गाड्या आत घेतल्या, सहाच गाड्या धावल्या. तरी ७३ पैकी ७२ फेऱ्या त्यानं पूर्ण केल्या आणि ते गुण नोंदीत कायम आहेत.

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मुलांनी बनवलेल्या १२ गो-कार्टची शर्यत घेणार आहोत. ट्रान्सपाँडरचं (आपोआप फेऱ्या मोजणाऱ्या यंत्राचं) भाडं परवडत नाही. मागच्या वेळी निकालावरून भांडण झालं. हातानं नीट निकाल कसा लावायचा? (गडहिंग्लज)

बारा कार्टसाठी हातानं सहज जमतं, फक्त माणसं ठरवून उभी करा. एक जण फक्त पुकारणारा. कार्टनं रेषा ओलांडली की क्रमांक मोठ्यानं म्हणायचा, बाकी काही नाही. त्याच्या शेजारी दोन लिहिणारे, एकमेकांचा कागद न बघता. चौथ्याकडं स्टॉपवॉच, तो फक्त पहिल्या कार्टची वेळ घेणार.

कागदावर उभे रकाने आखा. पहिला कार्ट रेषेवरून गेला की नवा रकाना. त्याच्या खाली, तो परत येईपर्यंत जे जे जातील त्यांचे क्रमांक त्याच क्रमानं. कोण कोणत्या फेरीत आहे याचा विचार लिहिणाऱ्यानं करायचाच नाही. शेवटी एखादा क्रमांक जितक्यांदा आला तितक्या त्याच्या फेऱ्या. आठ रकान्यांत १४ क्रमांक सात वेळा दिसला तर तो एक फेरी मागं. पिछाडीचा कार्ट पुढच्याच्या मागोमाग आला की लिहिणारे गोंधळतात आणि त्याला 'पुढं' धरतात, तुमचं भांडण बहुधा इथंच झालं असेल.

६ आणि ९ हे अंक देऊच नका, किंवा खाली जाड रेघ मारा. १ आणि ७ चंही तसंच. अंक किमान १५ सेंटीमीटर उंच, पुढं आणि दोन्ही बाजूंना. कार्टच्या रंगावरून पुकारू नका, चिखल उडाल्यावर सगळे एकाच रंगाचे होतात.

शिवाय रेषेच्या बरोबर काटकोनात तिवईवर मोबाईल लावा, ६० फ्रेमवर. ताशी ६० किलोमीटरनं जाणारा कार्ट एका फ्रेममध्ये २८ सेंटीमीटर सरकतो, ३० फ्रेमवर ५६. पुढची चाकं रेषेवर कोणाची आधी आली हे ६० फ्रेमवर बहुतेक वेळा कळतं. मोबाईल एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर ऐन शेवटच्या फेरीला कोणाचा तरी फोन येतो आणि चित्रण थांबतं. उन्हात तो तापून बंद पडतो, वर पुठ्ठा धरा आणि पॉवर बँक जोडून ठेवा.

वजनासाठी गुळाचे रवे तोलतात तसला इलेक्ट्रॉनिक प्लॅटफॉर्म काटा भाड्यानं आणा. वैधमापनाचा चालू वर्षाचा शिक्का बघून घ्या. ताट कार्टपेक्षा लहान असेल तर वर अँगलची चौकट ठेवून टेअर करा, म्हणजे आकडा शून्यावर आणा. काटा सपाट काँक्रीटवरच ठेवा, मातीवर एक पाय दबला की दोन-तीन किलोचा फरक पडतो. दर पाच कार्टनंतर २० किलोचं प्रमाणित वजन ठेवून आकडा बघा. किमान वजन ड्रायव्हर, हेल्मेट आणि उरलेल्या पेट्रोलसकट धरायचं हे आधीच लिहून जाहीर करा. आणि हाच काटा सकाळपासून सर्व मुलांना वापरायला मोकळा ठेवा. स्वतःचं वजन बघायला न मिळालेला मुलगा बाद झाला तर त्याची तक्रार रास्त असते. कमी पडणाऱ्यानं शिशाचे तुकडे सीटला बोल्ट, वॉशर आणि नायलॉक नट लावून बसवावेत. टेपनं बांधलेलं शिसं वळणात सुटून मागच्याच्या अंगावर जातं, असा कार्ट ट्रॅकवर सोडूच नका.

झेंड्यानंतर सगळे कार्ट थेट दोरी बांधलेल्या जागेत. तिथं एकच दार, दाराशी शिक्षक. पान्हा घेऊन कोणी आत जायचं नाही. पहिल्या तिघांचं वजन आणि तुम्ही ठरवलेली तपासणी, दोन्ही लिहिणाऱ्यांचे कागद जुळवणं, न जुळलेल्या फेरीचंच चित्रण बघणं. मग 'तात्पुरता' असं लिहून, वेळ घालून, सही करून निकाल लावा आणि ३० मिनिटं थांबा. हरकत लेखी घ्या. करंडक त्या अर्ध्या तासानंतर द्या. पाहुण्यांना गाडी पकडायची घाई असेल तर त्यांचं भाषण आधी उरकून घ्या.